जर्दाळूच्या बागांतील धावपट्टी

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोरे आज कित्येक मराठी घरांत मुलाच्या नोकरीच्या पत्त्यामुळे परिचित झाले असले, तरी संगणकाचा जेव्हा तेथे मागमूसही नव्हता तेव्हा ते आलुबुखार आणि जर्दाळू यांच्या बागांसाठी प्रख्यात होते. आणि सॅन होजे शहराच्या पूर्वेस, डोंगरांच्या रोखाने पसरलेल्या अशाच बागाईत मुलखात, रीड आडनावाच्या दोघा भावांनी १९३९ च्या सुमारास एक धावपट्टी आखली. त्यांचे आधीचे विमानतळ महामार्गाच्या बांधणीत गेले होते. तेव्हा ‘रीड-हिलव्ह्यू’ हा या भावांचा दुसरा संसार म्हणावयाचा. धावपट्टीवर डांबर पडावयास मात्र १९४६ साल उजाडले.

१९६१ साली ही खाजगी मिळकत सांता क्लारा काउंटीने खरेदी केली. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. परंतु तेथे सरकारनियुक्त कलेक्टर नसून लोकांनी निवडलेल्या पाच पर्यवेक्षकांचे मंडळ कारभार पाहते. या मंडळाच्या अमलाखाली १९६५ च्या सुमारास पहिलीला समांतर अशी दुसरी धावपट्टी झाली, त्यानंतर नियंत्रण मनोराही उभा राहिला. दोन्ही पट्ट्या जेमतेम एकतीसशे फुटांच्या. प्रवासी जेट विमानांनी येथे उतरण्याचा प्रश्नच नव्हता. येथे यावयाचे ते शिकाऊ वैमानिकांनी, चाके जमिनीला टेकवताच पुन्हा आकाशात उठावयाचे, एक प्रदक्षिणा घालून पुन्हा टेकावयाचे, आणि हा पाठ अंगवळणी पडेपर्यंत गिरवीत राहावयाचे.

दरम्यान बागा तुटल्या आणि त्यांच्या जागी घरे उठली. मेक्सिकन आणि पुढे व्हिएतनामी वंशाची कष्टकरी कुटुंबे कुंपणापर्यंत येऊन वसली. विमानतळ आधीचे, वस्ती मागाहूनची, हा वैमानिकांचा युक्तिवाद वहिवाटीच्या दाव्यात कदाचित टिकेलही. परंतु अग्रहक्काचाच हिशेब करावयाचा तर तो जर्दाळूच्या झाडांकडे जातो, आणि त्यांची बाजू मांडणारा वकील कोणी नाही.

खरा वाद शिशाचा होता. लहान विमानांच्या इंजिनांत इंधनाने अवेळी पेट घेऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा मोटारींपुरती अमेरिकेत १९९६ साली कायद्याने संपली, पण विमानांपुरती चालूच राहिली. आणि ज्या इंधनाच्या नावातच ‘अल्प शिसे’ असे बिरुद आहे, त्याच्या एका गॅलनमध्ये दोन ग्रॅमपर्यंत शिसे असते. काउंटीने करविलेल्या तपासणीचा अहवाल २०२१ च्या ऑगस्टमध्ये आला. बालकांच्या रक्ताच्या सुमारे १७,००० नमुन्यांवरून त्यात असे निष्पन्न झाले, की विमानतळाच्या अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात दूरच्या मुलांपेक्षा शिसे अधिक आहे आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्यांच्या रक्तात त्याहूनही अधिक. मंडळाने तत्काळ ठराव केला, आणि १ जानेवारी २०२२ पासून तेथे शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद झाली.

मग मालकाने विमानतळच का बंद करू नये? याचे उत्तर दप्तरात आहे. वेळोवेळी संघ सरकारच्या विमानवाहतूक खात्याकडून जी अनुदाने घेतली, त्यांबरोबर विमानतळ चालू ठेवण्याची कबुलायतही लिहून दिलेली होती, आणि तिची मुदत २०३१ पर्यंत पोचते. मंडळाने २०१८ साली नवी अनुदाने न घेण्याचे ठरविले ते याचसाठी. परंतु पूर्वी घेतलेल्या पैशांचा करार एका ठरावाने फिटत नसतो. इंधनविक्रीच्या बंदीबद्दलही त्या खात्याने काउंटीकडे जाब मागितलाच.

आपल्या मालकीच्या जागेत मालकानेच असे जामीनकैद्यासारखे वागावे, हे चमत्कारिक खरे. पण त्याहून चमत्कारिक योग पुढेच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात येथे शंभर ऑक्टेनचे बिनशिशाचे इंधन विकावयास आले, आणि त्याच साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून विमानांच्या शिसेयुक्त इंधनाची विक्री राज्यभर बंद करण्यासाठी तारीख ठरविली ती १ जानेवारी २०३१ ची. ज्या वर्षी काउंटीला विमानतळास टाळे लावण्याची मोकळीक मिळावयाची, त्याच वर्षी टाळे लावण्याचे सर्वांत सबळ कारण राज्यातून नाहीसे व्हावयाचे आहे. तोवर शिकाऊ विमाने छपरांवरून प्रदक्षिणा घालीतच आहेत.