भाड्याची मोटार, आल्प्सचे घाट आणि काही लेखक

निमित्त तसे साधे होते. आमच्या विभागातून एम.ए. होऊन पुढे संगणकाच्या व्यवसायात गेलेला आणि गेली काही वर्षे जर्मनीत स्थिरावलेला एक विद्यार्थी आहे. त्याने मागच्या महिन्यात आपल्या आगामी प्रवासाचा एक तपशीलवार आराखडा पाठवला आणि 'मॅडम, यात काही राहिले असेल तर सांगा' अशी पुस्ती जोडली. म्युनिकमध्ये दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार भाड्याने घ्यायची. ऑस्ट्रियातून ग्रोसग्लॉकनरचा घाट चढायचा. इटलीत उतरून स्टेल्व्हिओ ओलांडायचा. मग स्वित्झर्लंडमधून फुर्का खिंडीने परत. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, कोणत्या वळणावर थांबून छायाचित्र घ्यायचे, अनामत रक्कम किती, भाड्यात रोजचे किती अंतर समाविष्ट आहे, हे सारे त्यात होते. हिमवर्षावामुळे हे घाट वर्षातले कित्येक महिने बंद असतात, म्हणून जूनअखेरचे दिवस निवडले होते. आराखड्यात खोड काढण्यासारखे काहीच नव्हते.

तो वाचताना मात्र एक जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आला. देखावा पाहण्यासाठी मोटार भाड्याने घेऊन निघणे ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही जन्मतारीख असेल, असे मनात येत नाही. ती आहे. आणि त्या जन्माच्या वेळी जे लोक हजर होते त्यांत लेखकांची संख्या लक्षणीय होती.

प्रवासवर्णनाच्या आरंभी वाहन भाड्याने घेण्याचा खटाटोप असतो, ही रूढी तर मोटारीहून जुनी आहे. लॉरेन्स स्टर्नचे 'अ सेन्टिमेन्टल जर्नी' १७६८ साली प्रसिद्ध झाले. त्यातला योरिक कॅलेच्या धक्क्यावर उतरतो आणि देसँ नावाच्या खाणावळवाल्याकडे घोडागाडीसाठी घासाघीस करू लागतो. तिथे अंगणात उभ्या असलेल्या एकट्या माणसापुरत्या गाडीत बसून तो चक्क पुस्तकाची प्रस्तावना लिहितो! गाडी हलण्याआधीच प्रवासवर्णन सुरू झालेले असते. पुढे १९०२ मध्ये ओटो यूलियुस बीअरबाउम हा जर्मन लेखक पत्नीसह ॲडलर कंपनीच्या आठ अश्वशक्तीच्या मोटारीतून बर्लिनहून इटलीत सोरेंतोपर्यंत गेला आणि परत आला. मोटार त्याच्या मालकीची नव्हती, मागून आणलेली होती. १९०३ साली त्याने या प्रवासाची पत्रे पुस्तकरूपाने छापली तेव्हा शीर्षकात स्टर्नचे नाते उघडच कबूल केले. वेगाने धावण्यासाठी नव्हे तर रमतगमत पाहण्यासाठी मोटार, हा त्याचा आग्रह होता. रेल्वेने प्रवाशाचे रूपांतर पाठवणीच्या मालात केले आहे आणि मोटार त्याला पुन्हा माणूस करील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

तीच श्रद्धा एडिथ व्हार्टनच्या 'अ मोटर-फ्लाइट थ्रू फ्रान्स' (१९०८) या पुस्तकात अधिक सुसंस्कृत भाषेत भेटते. तिचा युक्तिवाद आजही विचार करण्याजोगा आहे. रेल्वे आपल्याला गावाच्या मागच्या दाराने, स्थानकाच्या ओंगळ परिसरातून आत घेते; मोटार गावाला त्याच्या जुन्या, खऱ्या तोंडाने भेटवते. वेळापत्रकाची सक्ती नाही आणि हवे तिथे थांबता येते. १९०७ च्या वसंतातील दौऱ्यात तिच्याबरोबर हेन्री जेम्स होता. ही मंडळी नोहाँला जॉर्ज सँडचे घरही पाहून आली. पुस्तकभर 'आम्ही' हे सर्वनाम वावरते. त्या 'आम्ही'मध्ये चाक हातात धरणारा माणूस आहे की नाही, हे मात्र कळायला मार्ग नाही. त्याचे दर्शन फार क्वचित घडते.

हा चालकाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे थांबते. ऑक्ताव्ह मिर्बोने १९०७ साली 'ला ६२८-ई८' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षक म्हणजे त्याच्या मोटारीचा नोंदणी क्रमांक! बेल्जियम, हॉलंड आणि जर्मनीतला हा प्रवास प्रवासवर्णन, कादंबरी आणि शिवीगाळ यांच्या सीमेवर कुठेतरी घडतो. व्हार्टनबाईंनी जे टाळले ते मिर्बोने केले. ब्रोसेत या आपल्या यांत्रिकाला त्याने ठसठशीत पात्राची जागा दिली. पण त्यातही मालकाची मिस्कील, वरून खाली पाहणारी नजर आहेच.

(जाता जाता: ज्या १९०७ साली पॅरिसमध्ये हे पुस्तक निघाले त्याच साली आपल्याकडे चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' पहिल्यांदा छापला. वरसईहून पायी निघालेल्या भिक्षुकाचे वर्णन आणि नोंदणी क्रमांकाच्या नावाचे पुस्तक समकालीन ठरावे, हा ग्रंथसूचीचा विनोद आहे. तौलनिक अभ्यास करणाऱ्या कुणी त्याकडे पाहायला हरकत नाही.)

आता मुख्य पात्राकडे. १९०७ च्या उन्हाळ्यात मार्सेल प्रूस्त नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील काबूर येथे मुक्कामाला होता. त्याचा शाळूसोबती जाक बिझे, म्हणजे 'कार्मेन'कार संगीतज्ञ बिझे यांचा मुलगा, भाड्याने मोटारी देण्याच्या व्यवसायात होता. त्या कंपनीची मोटार आणि तिच्याबरोबर आल्फ्रेद आगोस्तिनेल्ली हा मोनाकोचा अठरा वर्षांचा चालक, असे दोन्ही प्रूस्तने भाड्याने घेतले. दम्याने बेजार झालेला, दिवसा झोपून रात्री जागणारा हा माणूस नॉर्मंडीतील जुनी चर्चे पाहत हिंडू लागला. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला 'ल फिगारो' या दैनिकात त्याचा लेख आला. विषय मोटारीतून उमटलेले रस्त्याचे ठसे.

या लेखातली दोन दृश्ये विसरता येत नाहीत. एक काँ शहराच्या मनोऱ्यांचे. मैदानावर आधी दोन मनोरे दिसतात, मग तिसरा त्यांना येऊन मिळतो. रस्ता वळतो तसे ते जागा बदलतात, जवळ येतात, लांब जातात, एकमेकांआड लपतात. मोटार स्थिर आहे आणि गावच हालते आहे, असा भास होतो. पुढे 'स्वानच्या वाटेवर' (१९१३) या पहिल्या खंडात हाच उतारा मार्तँव्हिलच्या मनोऱ्यांचा म्हणून अवतरतो. फक्त तिथे निवेदक मुलगा असतो आणि वाहन असते डॉक्टरांची घोडागाडी. म्हणजे आधुनिक कादंबरीतल्या एका अतिप्रसिद्ध अनुभवामागे भाड्याची मोटार उभी आहे आणि लेखकाने ती पुसून तिथे घोडे जुंपले आहेत. वर्गात हा उतारा शिकवताना आपण स्मृती, संवेदना, लेखकाचा प्रथम साक्षात्कार असे बरेच बोलतो. मोटारीविषयी बोलत नाही.

दुसरे दृश्य लिझिएचे. पोहोचेपर्यंत अंधार पडलेला. रस्किनने ज्या कोरीवकामाविषयी लिहिले होते ते पाहण्याची प्रूस्तची इच्छा. पण दर्शनी भिंत काळोखात. तेव्हा आगोस्तिनेल्लीने मोटारीचे दिवे त्या दारावर रोखले. मध्ययुगीन दगडी पाने त्या झोतात एकामागून एक उजळली. देखावा पाहणारा प्रूस्त आहे, पण दाखवणारा अठरा वर्षांचा पोरगा आहे. व्हार्टनच्या 'आम्ही'त जो सापडत नाही, तो इथे हातात उजेड घेऊन उभा आहे.

त्याच लेखात प्रूस्तने या तरुण चालकाच्या हातातल्या चाकाची तुलना जुन्या शिल्पांतील संतांच्या हाती असणाऱ्या चिन्हांशी केली आहे. संतांची ही चिन्हे कधी त्यांच्या कलेची असतात, तर कधी ज्या यातनेने त्यांना मरण आले तिची. हे चाक त्याच्या कौशल्याचेच चिन्ह राहो, त्याच्या यातनेची पूर्वखूण न ठरो, अशी इच्छा लेखक व्यक्त करतो. १९१३ मध्ये आगोस्तिनेल्ली त्याच्याकडे लेखनिक म्हणून राहिला, वर्षअखेरीस अचानक निघून गेला आणि ३० मे १९१४ रोजी आँतीबजवळ विमान समुद्रात कोसळून मरण पावला. विमानविद्येच्या शाळेत त्याने नाव नोंदवले होते ते 'मार्सेल स्वान' असे. १९१९ मध्ये हा लेख ग्रंथात पुन्हा छापताना प्रूस्तने त्याखाली या मृत्यूची टीप दिली. कादंबरीतल्या आल्बेर्तीनच्या दुःखात या माणसाचा वाटा किती, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला ती टीप पुरेशी वाटते.

'ल फिगारो'चेच आणखी एक पान. २० फेब्रुवारी १९०९ रोजी त्याच दैनिकाच्या पहिल्या पानावर मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा झळकला. धावती शर्यतीची मोटार सामोथ्राकीच्या विजयदेवतेच्या पुतळ्याहून सुंदर आहे, ही त्याची घोषणा सर्वांना ठाऊक असते. तीमागची हकीकत कमी ठाऊक असते. आदल्या वर्षी मिलानजवळ सायकलस्वारांना चुकवताना त्याची मोटार खंदकात गेली होती. अवघ्या पंधरा महिन्यांच्या अंतराने एकाच वृत्तपत्रात मोटारीचे दोन वाङ्मयीन जन्म झाले. एकात मोटार जुने चर्च उजळवते. दुसऱ्यात ती जुन्या पुतळ्याला हटवते. आज ज्याला आपण स्पोर्ट्स कार म्हणतो तिची वंशावळ दुसऱ्या बाजूने येते, आणि निसर्गरम्य प्रवासाची कल्पना पहिल्या बाजूने. माझ्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात ही दोन विजोड घराणी सोयरीक करून बसली आहेत.

रस्त्यांचा इतिहासही असाच सरळ नाही. स्टेल्व्हिओचा रस्ता कुणा हौशी प्रवाशासाठी बांधलेला नव्हता. लोम्बार्दी आणि तिरोल हे आपले दोन प्रदेश जोडण्यासाठी हॅब्सबर्ग सत्तेने १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून तो करवून घेतला. उंची २,७५७ मीटर, आणि उत्तरेकडच्या चढावर ४८ वळणे. पहिल्या महायुद्धात इथे इटली आणि ऑस्ट्रियाची सैन्ये बर्फात समोरासमोर होती. याउलट ग्रोसग्लॉकनरचा रस्ता पाहण्यासाठीच बांधला गेला. फ्रान्झ वालाक या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १९३० मध्ये काम सुरू झाले, ३ ऑगस्ट १९३५ ला तो खुला झाला. लांबी ४८ किलोमीटर, वळणे ३६, आणि पहिल्यापासून पथकर. मंदीच्या काळात हजारो बेकारांना त्यावर काम मिळाले. कोणत्या वळणावर कोणते शिखर समोर यावे याचा विचार इथे अभियंत्याने केलेला आहे. 'मला हवे तिथे थांबेन' म्हणणारा प्रवासी बहुधा त्याने नेमून दिलेल्या जागीच थांबतो. व्हार्टनला जे स्वातंत्र्य वाटले होते त्याचे तीस वर्षांच्या आत तिकीट निघाले.

सर्वांनीच या पाहुण्याचे स्वागत केले असेही नाही. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांताने १९०० साली मोटारींवर सरसकट बंदी घातली. वारंवार मतदान होऊनही ती १९२५ पर्यंत टिकली. बाहेरच्या श्रीमंतांच्या धुरळ्यापायी आपली गुरे आणि घोडे का बिथरवून घ्यावेत, हा तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेला गेला. आज तो मला तितकासा अडाणी वाटत नाही.

आणि रोमानियातला ट्रान्सफागाराशान. २००९ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'टॉप गिअर'ने तीन महागड्या मोटारी तिथे पळवल्या आणि जगातला उत्तम रस्ता म्हणून त्याचा डांगोरा पिटला. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरल्यानंतर, तशी वेळ आपल्यावर आली तर सैन्य पर्वतापलीकडे नेता यावे, या हेतूने चाउशेस्कूने तो बांधायला घेतला. १९७० ते १९७४ मध्ये मुख्यतः सैनिकांकडून, डोंगर सुरुंगांनी फोडत तो झाला. अधिकृत आकड्यानुसार ४० सैनिक मेले. तिथे राबलेल्यांच्या सांगण्यानुसार खूप जास्त. सहलीच्या आराखड्यांत हा आकडा क्वचितच असतो.

युद्धोत्तर काळातल्या दोनच नोंदी. रोलाँ बार्तने 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) नव्या सित्रोएन मोटारीवर लिहिताना मोटार ही आजच्या काळातील गॉथिक कॅथीड्रलच होय, असे म्हटले. अनामिक कारागिरांनी घडवलेली आणि सर्व समाजाने जादूची वस्तू म्हणून उपभोगलेली. लिझिएच्या दारावर ज्या दिव्यांचा झोत पडला होता, ती गाडी पन्नास वर्षांत स्वतःच त्या देवळाच्या जागी आली. दुसरी नोंद ४ जानेवारी १९६० ची. आल्बेर काम्यू लूर्मारँहून पॅरिसला निघाला होता. परतीचे रेल्वेचे तिकीट खिशात होते. प्रकाशक मिशेल गालिमारच्या फासेल व्हेगा या वेगवान मोटारीतून जाण्याचे ठरले. व्हिलब्लव्हँजवळ गाडी झाडावर आदळली आणि काम्यू जागीच ठार झाला. अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित सापडले, आणि ते न वापरलेले तिकीटही.

असो. विद्यार्थ्याच्या पत्राला उत्तर द्यायचे होते. फुर्काच्या नोंदीपुढे त्याने 'गोल्डफिंगर, १९६४' असे कंसात लिहिले होते. बाँडची ॲस्टन मार्टिन त्या चढावर धावली होती, हे त्याला ठाऊक होते. मी स्टेल्व्हिओच्या पुढे '१९१५-१८' एवढेच लिहिले आणि खाली एक दिवस वाढवण्याची सूचना केली: काबूर, काँ, लिझिए, लिझिएला पोहोचताना अंधार पडलेला असावा. त्याचे उत्तर त्याच रात्री आले. 'मॅडम, नकाशा पाहिला. म्युनिकपासून फार लांब पडते, आणि वाटेत एकही घाट नाही. पण काँच्या मनोऱ्यांचा उतारा कोणत्या खंडात आहे ते कळवा.'