चौकात आधी कोणी थांबावे ?

नगरपालिकेच्या सभेपुढे चौकाचा विषय आला, की आपल्याकडे वाद होतो तो बहुधा मधल्या जागेवरून. तेथे कारंजे करावे की पुतळा बसवावा, आणि पुतळाच बसवायचा तर कोणाचा, यावर घटकाघटका भाषणे झडतात. हा वाद क्षुद्र आहे असे मी म्हणणार नाही. गावाने कोणाचे स्मरण राखावे हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. परंतु चौकात माणसे का दगावतात, याचे उत्तर त्या मधल्या जागेत नाही. ते कडेला, जेथून गाडी चौकात शिरते तेथे आहे. वाटोळ्या चौकाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाने जगाला हेच शिकविले. पण फार उशिरा शिकविले.

या इतिहासाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होतो. विल्यम फेल्प्स ईनो याच्या सूचनेवरून १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलभोवती सर्व गाड्या एकाच दिशेने फिरू लागल्या. यूजेन एनार या वास्तुशास्त्रज्ञाने हाच विचार पॅरिसमध्ये मांडला होता, आणि १९०७ मध्ये तेथील विजयकमानीभोवतीची वाहतूक तशी सुरू झाली. इंग्लंडात लेचवर्थ या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास असा चौक झाला. कोणत्या दिशेने फिरायचे, हे ठरले होते. पण आत फिरणारा आणि बाहेरून येणारा समोरासमोर आले तर कोणी थांबायचे ? पुष्कळ ठिकाणी याला नियमच नव्हता. आणि जेथे होता, तेथे तो बहुधा शिरणाऱ्याच्या बाजूचा होता.

टांगे आणि मोजक्या मोटारी होत्या तोवर हे खपून गेले. मोटारी वाढल्या तसा चौक अडू लागला. आतली गाडी शिरणाऱ्यासाठी थांबली, की तिच्यामागची थांबे. ती रांग वाढत वाढत बाहेर पडण्याच्या वाटेवर येई. मग ज्याला बाहेर पडायचे तोही अडे. अभिमन्यूसारखीच गत ! शिरण्याची विद्या सर्वांना अवगत, निघण्याची कोणालाच नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी या राज्यांत असे मोठमोठे चौक बांधले गेले होते. ते अडू लागले, त्यांत अपघातही होऊ लागले, आणि पुढे त्यांतले कितीतरी मोडून टाकावे लागले.

यावरचा उपाय अवघ्या एका वाक्याचा होता : जो आत आहे त्याला आधी जाऊ द्यावे. ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये हा नियम केला. रस्ता संशोधन संस्थेतील फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने या नियमाच्या आधारावर लहान चौकांचे प्रयोग केले. स्विंडन येथे १९७२ मध्ये एका मोठ्या चौकाभोवती पाच चिमुकले चौक बसविण्यात आले. पाहणाऱ्याचे डोळे फिरावेत अशी ती रचना. पण ती चालली, आणि आजही चालते आहे. फ्रान्सने हा नियम सर्वसाधारणपणे १९८४ मध्ये स्वीकारला. तेथील नगराध्यक्षांनाही मग मधल्या जागेत शिल्पे उभारण्याची हौस लागली. परंतु आधी त्यांनी कडेचा नियम बदलला, हे विसरता कामा नये.

या रचनेत जीव वाचतात ते कसे ? चार रस्ते मिळतात अशा साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात. एकपदरी वाटोळ्या चौकात आठच ठिकाणी. शिवाय वळणामुळे वेग उतरतो. समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक जवळजवळ नाहीशी होते, उरते ते ओझरते घासणे. २००० च्या सुमारास अमेरिकेत अशा रीतीने बदललेल्या २४ चौकांचा अभ्यास झाला. त्यात एकंदर अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी, दुखापतीचे अपघात ७६ टक्क्यांनी, आणि मृत्यू वा कायमचे अपंगत्व आणणारे अपघात सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आकडे असे असूनही गावोगावच्या सभांत विरोध झालाच. ‘हे चौक आम्ही एकदा मोडले, आता पुन्हा कशाला ?’ ही शंका स्वाभाविक होती. इंडियाना राज्यातील कार्मेल या गावी १९९६ पासून जेम्स ब्रेनार्ड नगराध्यक्ष होते. २०२३ अखेर ते पायउतार झाले तोवर त्या एका गावात असे दीडशेच्या वर चौक झाले होते. तीन राज्यांतील चालकांचे मत घेतले तेव्हा बांधण्यापूर्वी ३१ टक्के अनुकूल होते; बांधून झाल्यावर थोड्याच काळात ६३ टक्के. बोलण्याने जे पटले नाही, ते वापराने पटले.

तथापि सारेच विरोधक अडाणी होते असे नव्हे. अंध माणूस रस्ता ओलांडतो तो गाड्या थांबल्याचा आवाज ओळखून. जेथे गाड्या कधी थांबतच नाहीत, तेथे त्याने पाऊल केव्हा टाकावे? अनेक पदरी चौकात हा प्रश्न फारच बिकट होतो. सायकलवाल्यालाही तेथे धोका असतो. म्हणून हॉलंडने पुष्कळ ठिकाणी त्याला चौकाभोवती वेगळी वाट दिली. मोटारवाल्याचा जीव वाचविणारी रचना पादचाऱ्याचाही वाचवील, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी ओलांडण्याची जागा कडेपासून थोडी मागे हवी, मध्ये टेकायला ओटा हवा.

आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनी चौकात आधीच असलेल्या वाहनाला अग्रक्रम दिला आहे. कागदावर म्हणजे प्रश्न सुटलेला आहे. पण कोणत्याही सायंकाळी गावच्या चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे : आतल्यासाठी थांबणारा किती, आणि कर्णा वाजवीत नाक घुसविणारा किती ! तेव्हा पुढच्या वेळी सभेत पुतळ्याचा ठराव येईल, तेव्हा तो अवश्य करावा. मात्र त्याच बैठकीत कोणा सभासदाने उठून आणखी दोन प्रश्न विचारावेत : शिरणारा कोठे थांबणार, आणि काठी टेकीत निघालेल्या म्हाताऱ्या माणसाने रस्ता कोठून ओलांडायचा ?