पाण्यांतून जाणारा धूर

विजापूरच्या आदिलशाही दरबारीं वकिली करून परतलेल्या असद बेगानें सतराव्या शतकाच्या आरंभीं अकबर बादशहापुढें एक नवी वस्तु ठेविली. ती म्हणजे तंबाखू, आणि तिच्याबरोबर ती ओढण्याची जडावाची नळी. बादशहानें कुतूहलानें कांहीं झुरके घेतले. दरबारचा हकीम मात्र आडवा आला. ज्या पदार्थाविषयीं वैद्यकाच्या ग्रंथांत एक अक्षरहि नाहीं, तो बादशहाच्या शरीरांत कसा जाऊं द्यावा, असा त्याचा आक्षेप होता. बादशहानें ती संवय धरिली नाहीं, अमीर-उमरावांनीं धरिली. पुढें १६१७ सालीं जहांगीरानें बंदीचा हुकूम काढिला, पण तंबाखूचा प्रसार थांबला नाहीं.

धूर पाण्यांतून नेण्याची युक्ति कोणाची? अबुल फतह गिलानी या हकिमाचें नांव पुष्कळदां घेतलें जातें. परंतु हा हकीम १५८९ च्या सुमारास वारला, आणि असद बेगाची तंबाखू दरबारांत पोंचली ती त्यानंतर. तेव्हां ही कथा जपूनच स्वीकारावी लागते. ती टिकून राहिली याचें कारण उघड आहे. हकिमानें शोधिलेलें साधन निरुपद्रवी असणारच, आणि पाणी धुरांतील मळ धुऊन काढणारच, ही समजूत ओढणाऱ्यास सोयीची होती.

ज्या आदिलशाहींतून तंबाखू दिल्लीपतीकडे गेली, तिच्या अमलाखालीं १६३६ नंतर पुणें-चाकणचा मुलूखहि आला. या मुलुखाचें रूप विसाव्या शतकांत पालटलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मागाहून चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकण येथें मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांबरोबर घातक वायूंचा प्रश्नहि येतोच. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं, कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला आणि कामाच्या जागेंतील हवेसाठीं मर्यादा ठरविण्यांत आल्या. आठ तासांच्या पाळींत कार्बन मोनॉक्साइडचें सरासरी प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत ५० भागांवर जाऊं नये, असें तींत म्हटलें होतें. बेंझीनचेंहि नांव त्या यादींत होतें.

हेच दोन पदार्थ हुक्क्याच्या धुरांत असतात. चिलमीवरील कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. पाणी त्याला अडवीत नाहीं, आणि रक्तांत शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो. तंबाखू वगळली तरी कोळसा राहतोच. पाण्यानें धूर थंड मात्र होतो, त्यामुळें घसा पोळत नाहीं व झुरका लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं दिलेल्या इशाऱ्याप्रमाणें, तासाभराच्या एका बैठकींत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आंत जाऊं शकतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याच व्यक्तींना कांहीं दिवस हुक्का व कांहीं दिवस सिगारेट देऊन तपासलें. सिगारेटच्या दिवसांत निकोटीन व तंबाखूंतील नायट्रोसामाइन्स अधिक आढळलीं. हुक्क्याच्या दिवसांत कार्बन मोनॉक्साइड व बेंझीन अधिक आढळलें. म्हणजे एक सोडून दुसरें धरणें ही सुटका नव्हे. ती विषांची अदलाबदल आहे.

२९ डिसेंबर २०१७ रोजीं मुंबईच्या कमला मिल आवारांतील उपाहारगृहांस आग लागून १४ जण दगावले. चौकशींत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविलें गेलें. २०१८ सालीं महाराष्ट्रानें हुक्कागृहांवर बंदी घातली व चालकांस एक ते तीन वर्षें कैदेची शिक्षा ठरविली. त्याच वर्षीं पिंपरी-चिंचवडसाठीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालें. त्याच्या हद्दींत चोरट्या हुक्कागृहांवर पुढेंहि छापे घालावे लागले आहेत.

कारखान्याच्या भिंतींआड ज्या वायूला कायद्यानें मर्यादा घातली, तोच पाळी सुटल्यावर पदरचे पैसे देऊन छातींत ओढून घेतला जातो. अकबराच्या हकिमाजवळ आक्षेपाला ग्रंथाचा आधार नव्हता. आज तो भरपूर आहे. उणीव राहिली आहे ती केवळ त्या हकिमाचें ऐकणाऱ्यांची.