वऱ्हाडचे माळरान आणि छायाचित्रण : मानोरा परिसराच्या अनुषंगाने

वऱ्हाडच्या इतिहासाची साधने म्हटली की सनदा, दफ्तरे, शिलालेख, जमाबंदीचे अहवाल आणि गॅझेटियरे यांचा निर्देश केला जातो. छायाचित्र हे साधन या मालिकेत क्वचितच येते; आणि आले तरी त्याचा उपयोग एखाद्या देवळाची शैली ठरविण्यापुरताच होतो. देवळाच्या मागे जी जमीन दिसते तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या मागच्या जमिनीचा, म्हणजे गवताळ माळाचा आणि त्यावर वावरणाऱ्या पशुपक्ष्यांचा. छायाचित्रकाराच्या भिंगासमोर माळ कधी आला, कसा आला आणि इतका उशिरा का आला, हा प्रश्न वरवर कलेचा वाटला तरी त्याची मुळे जमीनमहसुलात, शिकारीत आणि दोन भटक्या समाजांच्या जीवनक्रमात गुंतलेली आहेत.

मानोरा हा वाशीम जिल्ह्याच्या पूर्वेकडील, यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेला तालुका. जुन्या विभागणीप्रमाणे हा भाग पयनघाटातला नव्हे, बालाघाटातला. जुना वाशीम जिल्हा १९०५ साली अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ साली पुन्हा वेगळा झाला. अरुणावती नदी या तालुक्यातून पुढे यवतमाळकडे जाते. नदीकाठी काळी जमीन, चढावर मुरूम, आणि मुरुमावर पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवते, हे येथील सर्वसाधारण भूस्वरूप होय. अमेरिकेतील प्रेअरीप्रमाणे क्षितिजापर्यंत अखंड पसरलेले गवत येथे नाही. टेकाड, नाला, बाभळीचे बन, कपाशीचे शेत आणि त्यांच्या मधोमध माळाचा तुकडा, असा हा प्रदेश तुकड्यातुकड्यांचा आहे. शिवाय तो वर्षभर एकसारखा राहत नाही. श्रावणात हिरवा असलेला माळ दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि शिमग्याच्या सुमारास उघडा होतो. एका छायाचित्राने माळ दाखविता येत नाही, ही अडचण येथूनच सुरू होते.

हा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा अवशेष, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती आता टिकण्यासारखी नाही. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून, पश्चिम महाराष्ट्रातील माळराने निदान साडेसातशे वर्षे तरी माळरानेच आहेत, असे दाखविले आहे. हा निष्कर्ष पश्चिम महाराष्ट्रापुरता आहे. तो वऱ्हाडास जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने या पद्धतीकडे दुर्लक्ष करू नये. ओवीतला उल्लेख जर पुरावा ठरतो, तर छायाचित्रातील झुडूप तो का ठरू नये ?

वऱ्हाड आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशात कॅमेरा घेऊन हिंडलेल्या पहिल्या व्यक्तींमध्ये मेजर रॉबर्ट गिल याचे नाव घ्यावे लागते. मद्रास लष्करातील हा अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या स्फटिक प्रासादातील आगीत जळाल्या, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. दरम्यानच्या काळात तो छायाचित्रणाकडे वळला होता. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या शंभर द्विनेत्री छायाचित्रांचा संग्रह जेम्स फर्ग्युसनच्या विवरणासह प्रसिद्ध झाला. या संग्रहाच्या शीर्षकातच वास्तू आणि निसर्गेतिहास हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. वास्तू म्हणजे लेणी व देवळे. निसर्गेतिहास म्हणजे मुख्यतः गिलने शिकार केलेली जनावरे. मानोऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या लोणारची देवळेही गिलने टिपली आहेत.

मेलेलीच जनावरे का, याचे उत्तर केवळ गिलच्या बंदुकीच्या हौसेत शोधणे योग्य होणार नाही. त्या काळची ओल्या काचेची पद्धत लक्षात घेतली पाहिजे. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे. वैशाखातल्या उन्हात हा थर किती वेळ ओला राहील याची कल्पना करावी. त्यातच काचेवर प्रकाश पडू देण्यास कित्येक सेकंद लागत. पळणारे काळवीट तर दूरच, उभे राहून कान हलविणारे काळवीटसुद्धा अशा काचेवर धूसर डाग होऊन उमटले असते. दुसरीही एक गोष्ट आहे. द्विनेत्री चित्रात खोली जाणवते ती जवळची वस्तू आणि दूरची पार्श्वभूमी यांतील फरकामुळे. सपाट माळावर जवळ असे काहीच नसते. म्हणून पुढे ठेवलेले शिंगाळे डोके हे शिकारीचे चिन्ह जितके होते तितकीच ती चित्राची गरजही होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोरड्या काचा १८७० नंतरच्या दशकात आल्या, दूरचे टिपणारी भिंगे १८९० नंतर आली, आणि जिवंत प्राण्याचे चित्र घेणे शक्य झाले. पण माळाच्या दृष्टीने फार काही बदलले नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तारेला पाय लागताच आपोआप चित्र निघेल अशी योजना करून वाघाची रात्रीची चित्रे घेतली. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. ही युक्ती जंगलातील पायवाटेवर चालते. माळावर पायवाट कोणती धरावयाची ? वाघ, हत्ती आणि दाट वन यांनी भारतीय वन्यजीवनाच्या चित्रसृष्टीवर जे वर्चस्व मिळविले त्याचे एक कारण या साध्या गोष्टीत आहे.

माळावरच्या एका प्राण्याचे जे छायाचित्र सर्वांत अधिक वेळा छापले गेले, ते पुन्हा मृत प्राण्यांचेच आहे. १९४७ साली कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते मारले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने या शिकारीची हकीकत छापली ती कौतुक म्हणून नव्हे, तर दोषारोप म्हणून. आणि संपादकांनी तसे स्पष्ट नमूद केले. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. बंदूकधारी महाराज आणि त्यांच्या पुढे ओळीने ठेवलेली तीन कलेवरे, हे चित्र आज एका जातीचे मृत्युपत्र म्हणून वाचले जाते. ज्या हेतूने छायाचित्र काढले गेले त्याच्या नेमका उलट अर्थ काळाने त्याला दिला, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेतही क्रम असाच दिसतो. एल. ए. हफमन हा छायाचित्रकार १८८० च्या आसपास मोंटानाच्या गवताळ प्रदेशात काम करीत होता. त्याच्या काचांवर गव्यांचा संहार आहे आणि त्यानंतर त्याच गवतावर आलेली गुरे व गुराखी आहेत. फरक एवढाच की तेथे संहार आणि वसाहत यांची नोंद एकाच माणसाने थोड्या वर्षांत केली. वऱ्हाडात मधला दुवा, म्हणजे माळ शेताखाली जाण्याचा काळ, चित्ररूपाने जवळजवळ आलाच नाही. तो दफ्तरांत आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला; पुढे अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपुरास पोचला, आणि पड जमिनीवर नांगर फिरला. जी उरली ती गावच्या गुरांसाठी राखलेली ‘ई-क्लास’ जमीन. हा शब्द आजही येथील शेतकऱ्याच्या तोंडी आहे. माळ हा शब्द कागदावर नाही. कागदावर तो ‘पडीत’ असतो. २००० साली निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही गवताळ प्रदेशांचा मोठा हिस्सा याच सदरात गेला. ज्याला महसुलाने रिकामे म्हटले, त्याकडे छायाचित्रकारानेही रिकामे म्हणूनच पाहिले, यात आश्चर्य नाही.

पण माळ रिकामा नव्हता. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाला मुक्कामाला गवत आणि पाणी लागे. रेल्वेने त्यांचा व्यापार बुडविला आणि तांडे जागच्या जागी वसले. माळाचे जे रूप आज छायाचित्रकारास मोहविते ते गुरांच्या चराईने घडलेले आहे, याचे भान ठेवले म्हणजे फ्रेममधून गुरे वगळण्याची आजची प्रथा किती अनैतिहासिक आहे हे कळते.

दुसरा समाज पारध्यांचा. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांचे जे पोटभेद दिले आहेत त्यांत फासे लावणारे, चित्ता पाळून त्याच्याकरवी हरिणे पकडविणारे आणि बैलाच्या आडून सावज गाठणारे, असे प्रकार आहेत. यांतील शेवटचा प्रकार विशेष लक्षणीय होय. उघड्या माळावर लपण्यास झाड नाही. काळवीट माणसाला दुरूनच ओळखते, चरणाऱ्या बैलाला मात्र बुजत नाही. इंग्लंडात रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी पेंढा भरलेल्या पोकळ बैलात बसून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली आणि निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासात त्याची मोठी नवलाई सांगितली जाते. पारध्याचा बैल जिवंत होता, आणि त्याची युक्ती त्याहून जुनी. आमच्याकडचे शिकारी आणि पुढे छायाचित्रकार बैलगाडीच्या आडून काळविटाजवळ जात, तेही या विद्येचेच सोपे रूप. ज्या समाजाकडे ही विद्या होती त्याला १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि पारध्याची उपजीविकाही. वाशीम-अकोला भागात अलीकडे तणमोराच्या रक्षणासाठी फासेपारधी मंडळींचे साहाय्य घेतले जाऊ लागले आहे, हा या दीर्घ कथेतील एक नवा अध्याय आहे.

तणमोराचा उल्लेख थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. हा कोंबड्याएवढा, माळढोकाच्या कुळातला पक्षी. पावसाळ्यात नराला काळा रंग येतो, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसे फुटतात, आणि मादीला आकर्षिण्यासाठी तो गवतातून सरळ वर उडी घेतो. दिवसात पाचशेहून अधिक उड्या मोजल्या गेल्या आहेत. एरवी गवतात दिसेनासा असलेला पक्षी एका क्षणापुरता गवतावर दिसतो. एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्यांनी नेमका हाच क्षण बंदुकीसाठी निवडला आणि विणीच्या हंगामातच नर मारले. आज तोच क्षण कॅमेऱ्याला हवा असतो. साधन बदलले, परंतु नेम धरण्याची जागा आणि वेळ तीच राहिली. २०२१ साली या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. चित्रासाठी गाडी गवतात घातली तर मादी अंडी सोडून जाण्याचा धोका असतो, हे जाणकार छायाचित्रकार स्वतःच सांगतात; नवशिक्यांना ते कोण सांगणार, हा प्रश्न आहे.

काळविटांसाठी वाशीम जिल्ह्यात २००० साली कारंजा-सोहोळ अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग या अभयारण्यातून जातो; त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. यापूर्वी आणि यानंतर तेथे घेतली गेलेली छायाचित्रे आज अनेकांच्या संग्रही असतील. त्यांतील उत्तम चित्रे प्रदर्शनात जातात. इतिहासाला मात्र बहुधा दुसरीच उपयोगी पडतात : काळवीट लहान आणि जमीन मोठी असलेली, बाजूला विजेचा खांब आलेला, मागे कपाशीची कड दिसणारी, आणि पाठीवर दिनांक व जागा लिहिलेली. गिलच्या लोणारच्या चित्रांचे महत्त्व या दृष्टीने वाढते. देऊळ जागचे हललेले नाही. त्याच जागी, त्याच दिशेने आणि त्याच ऋतूत कॅमेरा पुन्हा उभा केला तर दीडशे वर्षांतील झाडोऱ्याचा फरक मोजता येईल. मानोऱ्याच्या माळावर असे अचल खूण देणारे देऊळ प्रत्येक ठिकाणी नाही, म्हणून तेथे गावच्या शिवेचे दगड, विहिरी आणि तांड्यांची जुनी मुक्कामाची ठिकाणे यांपासून आरंभ करावा लागेल. आणि ती दाखविण्यास तांड्यावरील वृद्ध मंडळीच लागतील.