पाठ फोडलेली कवडी

बैहरच्या माझ्या मनिहारी दुकानात कवडीच्या दोन बरण्या असतात. एकीत खांद्याला उंचवटे असलेली, कोनेदार, पिवळसर कवडी. दुसरीत गोलसर, पाठीवर सोनेरी कडं असलेली. वडील तिला नुसतं ‘कड्याची’ म्हणायचे.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत नेमके हेच दोन गट पाडले. पहिली ‘सायप्रिया मोनेटा’, म्हणजे नाण्याची. दुसरी ‘सायप्रिया अॅन्युलस’, कड्याची. प्राण्यांची शास्त्रीय नावं याच आवृत्तीपासून धरली जातात. म्हणून त्याआधी शिंपल्यांवर लिहिणाऱ्या आंबोन बेटावरच्या रुम्फियसचा नावावरचा हक्क गेला. दृष्टी गेल्यावरही त्याने शिंपल्यांचं वर्णन पुरं केलं. ग्रंथ १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. मला तरी हे अन्यायाचंच वाटतं.

लिनियसने ‘नाण्याची’ म्हटलं ते बाजार बघून, समुद्र बघून नव्हे. बाजार तोवर फार जुना झाला होता. १३४३ च्या सुमारास मालदीवला गेलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की, तिथे कवडीचे जीव गोळा करून खड्ड्यात पुरत, मांस कुजलं की पांढरं कवच हाती येई, आणि ते बंगालला तांदळाच्या बदल्यात जाई. बंगालचा हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा कहाण.

आमच्या सातपुड्यात कवडी दागिन्यापुरतीच उरली आहे. दिवाळीला अहीर गड्यांच्या नाचाच्या पोशाखावर ती दिसते. पण शिवण्यासाठी तिची पाठ फोडावी लागते, आणि कडं नेमकं पाठीवरच असतं! पाठ गेली की ओळखायला उरते ती फक्त कडेची ठेवण.

शास्त्राचं तसं नाही. ते पाठीवर थांबलं नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ त्रोशेलने गोगलगायींच्या जिभेवरचे दात तपासत मोठा ग्रंथ लिहिला आणि १८६३ मध्ये ‘मोनेटारिया’ ही वेगळी प्रजाती काढली. जिवंतपणी कवडीच्या जिवाचं मऊ आवरण कवचावर पसरतं, म्हणून पाठ घोटल्यासारखी चमकते. रंग आणि उंचवटे जागोजागी बदलतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने १८१० मध्ये अशाच एका रूपाला ‘इक्टेरिना’ हे निराळं नाव दिलं. आज ते मोनेटातच धरतात.

व्यापाऱ्याला मात्र दातांची गरज पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारहून कड्याच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या. ही कवडी मालदीवच्या कवडीपेक्षा मोठी, पण मिळायला स्वस्त. तिथल्या बाजारात कवडीचा भाव इतका गडगडला की पोतीच्या पोती देऊनही थोडकाच माल हाती येऊ लागला.