वंशावळीतला एक रकाना

पलसाण्याहून सुरतेला गेलो, तेव्हा इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंची भव्य कबर पाहिली. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला. १६६४ च्या शिवाजी महाराजांच्या स्वारीत वखार राखणारा जॉर्ज १६६९ मध्ये. दोघे भाऊ एकाच वास्तूत. वंश शोधणाऱ्याला दगडच पुरावा.

आपल्याकडे दहन, दगड नाही. मग वडिलांनी दुसरं लग्न केलं, की वारलेल्या पहिलीचं नाव उरतं कुठे? महालयात! दुसरीचा मुलगाही तिथे 'सापत्नमाता' म्हणून तिचं नाव घेतो.

पण पुनर्विवाह केलेली विधवा? १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंनी विधुर धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि त्या आनंदीबाई झाल्या. अशी नावं बदलली, की कागदावर एकीच्या दोघी होतात. म्हणून माझ्या वहीत मी आता 'माहेरचं नाव' हा रकाना पाडलाय. बरेच रकाने अजून रिकामेच आहेत.