महापुरातील नावाडी

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या भोई समाजाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास पालखीप्रमाणेच नावेसही त्यात मानाचे स्थान द्यावे लागेल. पालखीचा उल्लेख सर्वत्र होतो. महापुरातील नावेचा मात्र क्वचितच.

पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पैलतीर गाठणे नावाड्यावाचून अशक्य असे. पुरात नाव सरळ समोर नेता येत नाही. ती प्रथम काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध बरीच वर न्यावयाची, मग तिरपी सोडावयाची. म्हणजे धारेबरोबर वाहत ती समोरच्या घाटास लागते. गावात शिरलेल्या पाण्यात निराळेच ज्ञान हवे. कुंपण कोठे, विहीर कोठे, हे ध्यानी धरून बांबूने तळ चाचपीत जावे लागे. भोपळ्यांची सांगड व गुऱ्हाळाची काहीलही उपयोगी पडे. काहील मात्र गरगर फिरते, तिच्यासोबत पट्टीचे पोहणारेच हवेत.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. पुढे ठिकठिकाणी पूल झाले व नावा मागे पडल्या. सोय झाली हे खरे. परंतु महापुरात रस्ते व पूलच प्रथम बंद होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस पाण्याने ५७ फुटांची पातळी गाठली. त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेक जीव गेले. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती. किती जणांना घ्यावयाचे व किती जणांना काठावर थांबवावयाचे, हे जाणणे हीच नावाड्याची खरी विद्या होय.

ज्यांच्या घरी अद्याप वल्हे आहे, त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ही माहिती लिहून घेऊन पुढील अंकासाठी अवश्य धाडावी.